मुरगळलेला घोटा आणि आपली जबाबदारी

स्मरणिकेच्या पानांवर संस्थेच्या यशाची नोंद व्हावी, हे रीतीला धरूनच आहे. ढाली, चषक, जिल्हा आणि विभागीय स्पर्धांपर्यंत पोहोचलेले संघ, त्यांची छायाचित्रे या अंकातही असतील आणि ती पाहून माजी विद्यार्थ्यांचे मन भरून येईल. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला मात्र नेहमी असे वाटत आले आहे की, संस्थेने काय मिळवले एवढ्यानेच तिचा इतिहास पूर्ण होत नाही. त्या मिळकतीची किंमत कोणी चुकवली, हेही त्यात यावे लागते. छायाचित्रात ढालीभोवती उभा असलेला संघ दिसतो. त्याच हंगामात पाय मुरगळून वसतिगृहाच्या खोलीत बसून राहिलेला मुलगा त्यात दिसत नाही. प्रस्तुत लेख त्या मुलाविषयी आहे.

आपल्याकडे वसतिगृह आणि कबड्डी यांचे नाते जुने आहे. हुतूतू या नावाने गावोगाव खेळल्या जाणाऱ्या या खेळाला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, जाळे लागत नाही. फक्कीने आखलेले मैदान आणि दोन्ही अंगांना सात-सात खेळाडू एवढे असले की खेळ उभा राहतो. ज्यांच्या घरी खेळासाठी वेगळा पैसा काढणे शक्य नव्हते, त्यांच्या मुलांनी हा खेळ आपलासा केला यात नवल नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली; त्यांत कबड्डी होती. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत तिला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे ती दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचली. खेळ मातीवरून मॅटवर गेला, अनवाणी पायांत बूट आले, खेळाडूंना मोबदला मिळू लागला. परंतु ज्या सांध्यावर हा सारा खेळ तोललेला आहे, त्या घोट्याकडे पाहण्याची आपली दृष्टी फारशी बदललेली नाही.

अंगाला अंग भिडणाऱ्या सांघिक खेळांत घोटा मुरगळणे ही अगदी नित्याची दुखापत आहे आणि नित्याची आहे म्हणूनच ती दुर्लक्षित आहे. हाड मोडले तर धावपळ होते, वाहन मागवले जाते, पालकांना निरोप जातो. घोटा मुरगळला तर 'जरा लचक भरली, दोन दिवसांत चालायला लागेल' एवढे म्हणून विषय संपतो. कोणी 'नजर लागली' म्हणते, कोणी 'पोरगा बेसावध होता' म्हणते. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोहोंतही मोठ्या माणसांकडे बोट जात नाही. माझे म्हणणे असे की, घोटा मुरगळण्याला कारणे असतात, ती बहुतांशी आधी ओळखता येतात आणि त्यांतील सर्वांत मोठे कारण दूर करणे पूर्णतः आपल्या हाती आहे.

प्रथम घोट्याची रचना पाहू. नडगीचे हाड आतल्या अंगाने आणि पोटरीचे बारीक हाड बाहेरच्या अंगाने खाली उतरून एक खोबण तयार करतात व त्या खोबणीत पावलाचे वरचे हाड बसते. बाहेरच्या हाडाचे टोक आतल्यापेक्षा अधिक खाली येते, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडसर होतो. आत वळायला मात्र मोकळीक राहते. सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंधही सारखे नाहीत. आतल्या अंगाचा अस्थिबंध रुंद व बळकट आहे. बाहेरच्या अंगाला तीन निरनिराळे, तुलनेने अरुंद पट्टे आहेत. शिवाय खोबणीत बसणारे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. टाच उचलली की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. अशा वेळी तळवा आतल्या बाजूला वळला व शरीराचा भार वरून आला, तर बाहेरच्या अंगाचा सर्वांत पुढचा पट्टा आधी ताणला जातो आणि बहुधा तोच फाटतो. भार अधिक असेल तर त्याच्या शेजारचा मधला पट्टाही जातो.

आता कबड्डीतील चढाई डोळ्यांसमोर आणावी. चढाईपटू टाचा टेकवून उभा राहतच नाही. तो सदैव चवड्यांवर असतो, म्हणजे घोटा सैल पडण्याच्याच स्थितीत असतो. तीस सेकंदांत त्याला निदान रेषा ओलांडायची, गडी टिपायचा आणि मागे फिरायचे असते. हे फिरणे एका पायावर, अंगाला पीळ देऊन, पूर्ण वेगात होते. त्याच क्षणी कोपऱ्यातला बचावपटू झेप घेऊन त्याचा घोटा पकडतो. एक पाय अडकलेला, दुसऱ्या पायावर सगळा भार आणि मध्यरेषेकडे झेपावणारे धड, अशा स्थितीत पाचसहा जण वरून कोसळतात. पकडलेला पाय पिळवटून सोडवून घेताना तो दुखावतो. टेकलेला पाय कोणाच्या तरी पावलावर पडून वळतो. बचाव करणाऱ्यांची साखळी मागे सरकताना एकमेकांच्या पायांत पाय अडकतात, तेही वेगळेच. घोटा पकड हे या खेळाचे अंगभूत कौशल्य आहे. ते काढून टाका असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच तो आघात सोसण्याजोगा घोटा घेऊन मुलगा मैदानात उतरतो आहे की नाही, हे पाहणे अधिक अगत्याचे ठरते.

धोका कोणाला अधिक असतो, याचा जगभर पुष्कळ अभ्यास झालेला आहे. उंची, वजन, पावलाची ठेवण यांविषयी निष्कर्षांत एकवाक्यता नाही. परंतु एका बाबतीत अभ्यासामागून अभ्यास एकाच उत्तरावर येतात: ज्याचा घोटा पूर्वी मुरगळलेला आहे, त्याचा पुन्हा मुरगळण्याचा संभव सर्वाधिक. ऑस्ट्रेलियातील बास्केटबॉल खेळाडूंची दहा हजारांहून अधिक वेळा मैदानात उतरतानाची नोंद ठेवून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी घोटा दुखावलेल्या खेळाडूला नवी दुखापत होण्याचा संभव इतरांच्या सुमारे पाचपट असल्याचे त्यात आढळले. खेळण्यापूर्वी स्नायू ताणून मोकळे न करणाऱ्यांतही हा संभव अडीचपटींहून अधिक होता. आणि ज्यांचा घोटा दुखावला, त्यांतील निम्म्याहून अधिक जण कोणत्याही जाणकाराकडे गेलेच नव्हते. सुबत्ता असलेल्या देशात ही स्थिती, तर आपल्या तालुक्याच्या गावी काय असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

पहिली दुखापत दुसरीला का बोलावते, हे समजून घेणे आवश्यक आहे. अस्थिबंध म्हणजे निव्वळ दोरी नव्हे. पाऊल कोणत्या कोनात आहे, जमीन सपाट आहे की कललेली, याची वार्ता मेंदूला पोहोचवणाऱ्या सूक्ष्म मज्जातंतूंची टोके त्यात असतात. अस्थिबंध फाटला की ही वार्ताही अडखळते. सूज उतरते, वेदना थांबते, मुलगा चालू लागतो. परंतु पाऊल वाकडे पडत असल्याची सूचना उशिरा पोहोचते आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू ते सावरायला वेळेवर धावून येत नाहीत. वेदना काही दिवसांत जाते; अस्थिबंध पुरता घट्ट होण्यास मात्र किमान सहा आठवडे ते तीन महिने लागतात. वेदना थांबणे आणि घोटा बरा होणे यांत हे जे अंतर आहे, त्याच अंतरात आपण मुलांना स्पर्धेला उतरवतो. सारा अनर्थ तेथे घडतो.

इतर कारणेही आहेत. एका पायावर तोल न सांभाळता येणे, पोटरी आखडलेली असल्याने पाऊल पुरेसे वर न वळणे, घोट्याभोवतीच्या स्नायूंत बळ नसणे, ही शरीरातली कारणे झाली. थकव्याने स्नायूंची सावधता मंदावते, म्हणून एका दिवसात तीन-तीन सामने खेळवणाऱ्या स्पर्धांचे वेळापत्रक हेही एक कारण समजले पाहिजे. वयाचा विचार केला तर प्रौढांपेक्षा मुलांत व किशोरवयीनांत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत घोटा मुरगळण्याचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१४ च्या संशोधनातून दिसले. आपल्या शाळांत मुलींचे संघ आता उत्साहाने उतरत आहेत. मुलांचा सराव आटोपल्यावर उरलेल्या अर्ध्या तासात, मावळत्या उजेडात त्यांना मैदान द्यायचे, ही पद्धत या दृष्टीनेही तपासायला हवी.

मैदानाचे कारण तर पायाखालीच आहे. काळ्या मातीचे मैदान पावसात चिकट होते, उन्हात त्याला भेगा पडतात आणि गुरांच्या खुरांचे खळगे वाळून दगडासारखे कठीण होतात. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो. दुसरी अडचण मॅटची. वर्षभर अनवाणी मातीवर सराव करणारा संघ मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर उभा राहतो, तेही उसन्या बुटांत. मातीवर पाऊल थोडे घसरते आणि त्या घसरण्यात पीळ जिरून जातो. मॅटवर रबरी तळ्याचा बूट जागीच चिकटतो. अंग वळते, पाऊल वळत नाही आणि उरलेला पीळ घोटा सोसतो. मापापेक्षा मोठे बूट असतील तर पाऊल आतल्या आत सरकते. माझ्या मते मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुलाच्या हाती नवे बूट देणे हा त्याच्यावर उपकार नव्हे. तेच बूट दोन महिने आधी मिळाले तर तो उपकार खरा.

येथे परिचयातील एका मुलाची हकीकत सांगतो. तो दुसऱ्या एका वसतिगृहात होता. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी मुले सर्वत्र आहेत. दहावीत असताना तालुक्याच्या अंतिम सामन्यात त्याचा डावा घोटा मुरगळला. रात्री गरम विटेचा शेक दिला गेला, दुसऱ्या दिवशी एका जाणत्या गृहस्थांकडून घोटा जोर लावून चोळून घेतला. अकराव्या दिवशी जिल्ह्याचा सामना होता. संघातला तोच उत्तम चढाईपटू. क्रेप बँडेज करकचून बांधून त्याला उतरवले आणि त्याने सामना काढून दिला. त्याच सामन्यात घोटा दुसऱ्यांदा गेला. सत्कारात तो खुर्चीवर बसून हसत होता. त्यानंतर तो घोटा त्याचा राहिलाच नाही. उतारावर, बांधावर, बसमधून उतरताना अधूनमधून वळत राहिला. पुढे तो पोलीस भरतीला उभा राहिला. अभ्यासाची तयारी चांगली होती. सोळाशे मीटरच्या धावेत शेवटच्या फेरीला घोटा वळला. तो लंगडत पोहोचला, पण वेळ निघून गेली होती. पुढच्या भरतीतही तेच झाले. आज तो एका गोदामात रखवालदार आहे. जिल्ह्याची ती ढाल बहुधा अजूनही कोणत्या तरी कपाटात आहे.

या हकीकतीत कोणी दुष्ट नाही. शिक्षकांना संघ जिंकावा असे वाटत होते, सोबत्यांना तेच वाटत होते आणि त्या मुलाला तर सर्वांहून अधिक वाटत होते. म्हणूनच ती मला अधिक अस्वस्थ करते. आपल्या मुलांच्या बाबतीत खेळ हा केवळ खेळ नसतो. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत राज्यात खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस आणि सैन्य भरतीची दारे धावण्यातून उघडतात. ज्या घरात शेतीचा तुकडा नाही, दुकान नाही, ओळखीचा माणूस नाही, त्या घरातल्या मुलाचे भांडवल म्हणजे त्याची बुद्धी आणि त्याचे शरीर. असा मुलगा घोटा दुखत असतानाही 'सर, काही नाही' असेच म्हणणार, कारण बाहेर बसलो तर जागा जाईल ही भीती त्याला असते. म्हणून खेळायचे की नाही याचा निर्णय त्याच्यावर सोपवणे, हे त्याच्या मताचा आदर करणे नव्हे. आपले ओझे त्याच्या खांद्यावर ठेवणे होय. घरी आई असती तर तिने सुजलेला पाय पाहिला असता. वसतिगृहात ते पाहणारे डोळे आपलेच असले पाहिजेत.

यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की, 'आमच्या वेळी यातले काही नव्हते. आम्ही दगडगोट्यांत खेळलो आणि धडधाकट राहिलो.' जे धडधाकट राहिले, तेच आज हे सांगायला समोर आहेत. जे राहिले नाहीत त्यांनी खेळ सोडला आणि त्यांची साक्ष कोणी घेतली नाही. इतिहासाच्या अभ्यासात अशी एकतर्फी साधने आम्ही जपून वापरतो. शिवाय 'काही नव्हते' हेही खरे नाही. जोतीराव फुले ज्यांच्या तालमीत शिकले त्या लहुजी वस्ताद साळवे यांच्यासारख्या वस्तादांची परंपरा आपल्याकडे आहे. आखाड्याच्या हौद्यातली माती चाळून, तेल, ताक, हळद घालून मळली जाते, रोज उकरून मऊ केली जाते. पठ्ठ्याचे अंग ज्या मातीवर पडणार, त्या मातीची निगा राखणे हे तालमीचे पहिले काम असते. तेव्हा मैदानाची आणि शरीराची काळजी ही परदेशातून आणलेली चैन नाही. कुस्तीने ती जपली आणि कबड्डीच्या मैदानावर आपण ती विसरलो.

दुसरा आक्षेप, 'अशाने मुले नाजूक होतील.' सहा आठवडे घोट्याचा व्यायाम करून परतणारा मुलगा नाजूक, आणि दोन वर्षांत खेळातून कायमचा बाहेर पडणारा कणखर, असा याचा अर्थ होतो. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो आपल्या संस्थांच्या बाबतीत रास्त आहे. त्याचे उत्तर पुढील तपशिलातच मिळेल.

घोटा मुरगळल्यावर पहिले काम खेळ थांबवणे. 'थोडे चालून बघ, मोकळा होईल' असे म्हणू नये. पाय उंचावर ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा आणि दिवसातून काही वेळा तसे करावे, बेताचा दाब देणारी पट्टी बांधावी. पहिले दोन-तीन दिवस शेक देऊ नये आणि चोळू तर मुळीच नये. त्याने आतला रक्तस्राव व सूज वाढते. हाड मोडले असण्याची शंका केव्हा घ्यावी, याचे साधे नियम कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडले आणि ते आज जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर जो उंचवटा असतो तेथे किंवा आतल्या कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, अथवा मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. वाढत्या वयाच्या मुलांबाबत आणखी सावध असावे. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते आणि तिची दुखापत वरवर पाहता मुरगळल्यासारखीच दिसते.

त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे आणि तेच आपल्याकडे होत नाही. वेदना ओसरू लागली की घोटा हळूहळू हलवणे, मग टाचा उचलणे, मग एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून तेच करणे, मग उशीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर उभे राहून तोल सांभाळणे. एवढ्याशा व्यायामाने काय होते, असे कोणाला वाटेल. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारानंतर निम्म्यांना आठ आठवडे घरच्या घरी तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले. वर्षभरात ज्यांनी ते केले नव्हते त्यांतील शंभरात ३३ जणांचा घोटा पुन्हा मुरगळला. व्यायाम दिलेल्यांत हे प्रमाण २२ होते. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात शालेय फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या ७६५ मुला-मुलींवरील २००६ च्या प्रयोगात, असेच व्यायाम हंगामभर करणाऱ्यांत घोटा मुरगळण्याचे प्रमाण शंभरात सुमारे सहा आणि न करणाऱ्यांत सुमारे दहा आढळले. यासाठी यंत्र लागत नाही, शुल्क लागत नाही. वसतिगृहात सकाळी नळावर दात घासत उभी असलेली मुले पाळीपाळीने एकेका पायावर उभी राहिली, तरी सुरुवात झाली.

मैदानात परतण्याचा निर्णय तारखेवर किंवा स्पर्धेच्या पत्रिकेवर अवलंबून नसावा, चाचणीवर असावा. दुखावलेल्या पायावर तीस सेकंद स्थिर उभे राहता येते काय? त्या एका पायावर टाच जितक्या वेळा उचलता येते, तितक्याच वेळा दुसऱ्यावर येते ना? भिंतीसमोर उभे राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवताना दोन्ही पावले भिंतीपासून सारख्याच अंतरावर ठेवता येतात काय? एका पायावर उड्या, मग सरळ धाव, मग नागमोडी धाव, मग अचानक थांबून वळणे, हे सर्व वेदनेविना जमते काय? ही सारी उत्तरे होकारार्थी आली की आधी सरावाला आणि काही दिवसांनी सामन्याला परवानगी द्यावी. ज्याचा घोटा पूर्वी गेलेला आहे त्याने पुढील वर्षभर खेळताना घोट्याचा पक्का आधारपट्टा वापरावा. अशा खेळाडूंत त्याने पुनरावृत्ती कमी होते. लवचीक क्रेप बँडेज तेवढा आधार देत नाही, हे ध्यानात ठेवावे.

माझी सूचना अशी की, प्रत्येक निवासी शाळेत खेळातील दुखापतींची एक वही असावी. कोणाचा, कोणता घोटा, कोणत्या दिवशी, कोणत्या मैदानावर, कशा रीतीने मुरगळला आणि तो कोणत्या चाचण्यांनंतर परतला, एवढ्या पाच-सहा रकान्यांची. क्रीडाशिक्षक आणि गृहपाल या दोघांच्या सहीशिवाय दुखापतग्रस्त मुलगा संघात घेता येऊ नये, आणि त्यांपैकी एकाचा नकार पुरेसा मानावा. मुलगा शाळा सोडून जाईल तेव्हा त्या नोंदीची प्रत त्याच्या पालकांना मिळावी. वही दोन वर्षे नीट भरली गेली, तर कोणत्या कोपऱ्यात मैदान खचले आहे, कोणत्या महिन्यात दुखापती वाढतात, कोणत्या स्पर्धेचे वेळापत्रक मुलांना झेपत नाही, हे सारे तीच वही सांगेल. नोंद नसेल तर प्रत्येक दुखापत नवीच वाटते.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, मुलगा किंवा मुलगी दिवाळीच्या सुटीत घरी आली की तिचे घोटे पाहा. एक दुसऱ्यापेक्षा जाड दिसतो काय, जिना उतरताना ती कठड्याला धरते काय, 'पाय आपोआप वळतो' असे म्हणते काय, याची विचारपूस करा आणि शाळेला कळवा. शाळेला असे विचारणे म्हणजे शाळेवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो आपला अधिकार आहे.

आणि माजी विद्यार्थी मित्रहो, आपणाला एक विनंती. आपण शाळेला कृतज्ञतेने देणग्या देता, फिरते चषक ठेवता, संघाला आपल्या वडिलांच्या नावाने जर्सी देता. त्या भावनेचा आदर आहे. परंतु यंदा देणगीचा विचार करताना चषकाऐवजी चार गाड्या मुरूम आणि चाळलेली माती, मैदान दाबण्यासाठी एक रूळ, संघाच्या मापाचे बूट हंगामाच्या दोन महिने आधी, डझनभर घोट्याचे आधारपट्टे, बर्फाची एक पेटी असा विचार व्हावा. आपल्यांतील जे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट झाले आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस शाळेला द्यावेत आणि प्रत्येक खेळाडूचा घोटा तपासून वहीत नोंद करावी. या देणग्यांवर नाव कोरता येणार नाही, छायाचित्रातही त्या दिसणार नाहीत. परंतु पाचसात वर्षांनी भरतीच्या मैदानावर आपल्या शाळेचा एखादा मुलगा शेवटची फेरी सरळ पायांनी पूर्ण करील, तेव्हा त्या कामी आलेल्या असतील.